लोखंडी नांगराचे लक्ष्मणराव



आमच्या गोठ्यामागे एक जुना लोखंडी नांगर पडलेला होता. पावसाने गंजलेला, दांड्यावर वेल चढलेला. कोंबड्या त्याच्यावर बसायच्या. मला ते नुसतं भंगार वाटायचं. मागच्या महिन्यात विज्ञानाच्या तासाला बल हा धडा सुरू झाला. गुरुजींनी फळ्यावर एक चौकोन काढला, त्याला चारी बाजूंनी बाण लावले आणि विचारलं, आता हा चौकोन कुठे जाईल? वर्गात कुणालाच सांगता येईना. घरी जाऊन मी तोच चौकोन आबांना दाखवला. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांची शाळा चौथीपर्यंतच झाली. त्यांनी माझी वही बाजूला ठेवली, मला गोठ्यामागे नेलं, वेल ओढून काढला आणि नांगर उभा केला. तेव्हा मला समजलं, की फळ्यावरचा चौकोन आमच्या घरीच पडून होता.

हा नांगर कुंडलच्या कारखान्यातला, असं आबा सांगतात. तो कारखाना ज्यांनी उभा केला त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची ही हकीकत आहे. मधे मधे बलांची गोष्ट येईल. ती टाळून वाचलीत तरी चालेल, पण मग नांगर समजणार नाही.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील विद्वान होते. लक्ष्मणरावांचं मन मात्र पाठांतरात रमेना. दोनच गोष्टींचा नाद होता, चित्रं काढणं आणि यंत्र खोलून बघणं. चित्रकला शिकायची म्हणून ते मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. दोनेक वर्षं बरी गेली. मग लक्षात आलं, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. हा डोळ्यांचा जन्मजात दोष होता, त्याला औषध नाही. चित्रकार होणार म्हणून घर सोडून आलेल्या मुलाला हे कळल्यावर काय वाटलं असेल ते तुम्हीच बघा.

पण यंत्रांचं रेखाचित्र काढायला रंग लागत नाही. काळी शाई आणि पट्टी पुरते. लक्ष्मणराव ते शिकले आणि इतके चांगले शिकले, की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. तिथे त्यांनी अनेक वर्षं काढली. तास संपला की कारखान्यात जायचं, कोणतं चाक कोणत्या चाकाला फिरवतं ते बघायचं, हाताला तेल लावून घ्यायचं. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्या एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला आले.

बेळगावात त्यांनी भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलींचं दुकान चालवलं. त्या काळात सायकल ही मोठी नवलाई होती. दुकानात सायकल विकायची, दुरुस्त करायची आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायची. आपण पहिल्यांदा सायकल शिकलो तेव्हा कसे धडपडलो ते आठवा. पण सायकलीवर त्यांचं समाधान नव्हतं. बाहेरून माल आणून विकण्यापेक्षा आपल्या लोकांना लागणारी वस्तू आपणच करावी, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. पहिल्यांदा केलं ते कडबा कापायचं यंत्र. आणि मग नांगर.

आता नांगराकडे येऊ.

त्या वेळी आपल्याकडे सगळीकडे लाकडी नांगर होता. गावचा सुतार बाभळीच्या लाकडातून तो करायचा आणि टोकाला लोखंडी फाळ बसवायचा. हा नांगर जमीन उकरतो, पण उलटी करत नाही. माती फुटून दोन्ही बाजूंना पडते आणि दोन तासांमध्ये न नांगरलेली पट्टी तशीच राहते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा किती खोल जातो हे इथल्या पालकांना सांगायला नको. वरवर उकरून त्याला काहीही होत नाही. उलट तुकडे झाले की जास्त फोफावतो.

इंग्लंडहून त्या काळी लोखंडी नांगर यायचे. त्यांना फाळाच्या मागे एक वाकवलेला, पिळदार पत्रा असतो. फाळ मातीची वडी कापतो आणि तो पत्रा ती वडी उचलून उजवीकडे पालथी घालतो. खालची माती वर येते, तणाची मुळं उन्हात पडतात. लक्ष्मणरावांनी असा नांगर इथेच करायचं ठरवलं. १९०३ च्या सुमारास त्यांचे पहिले नांगर तयार झाले.

आणि ते कुणी घेईना.

लोखंडाने जमिनीला विष चढतं, पीक येत नाही, असं लोक म्हणायचे. आज आपल्याला हसू येतं. पण मला वाटतं, लोकांच्या भीतीला दुसरंही कारण असणार. लाकडी नांगर मोडला तर सुतार गावातच होता आणि त्याला सुगीला बलुतं दिलं की झालं. लोखंडी नांगर मोडला तर काय करायचं? गावच्या लोहाराला बिडाचं काम येत नव्हतं. बैल बसले आणि हंगाम गेला तर वर्षभर घरात काय खायचं? कर्ज काढून घेतलेली वस्तू रानात फसली तर शेतकऱ्याला दुसरी संधी नसते. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. आमच्या आबांच्या आजोबांनीही म्हणे लोखंडी नांगर पहिल्यांदा बांधावरूनच परत पाठवला होता.

तो का परत पाठवला, ते आबांनी मला करून दाखवलं. इथेच बलांची खरी गंमत आहे.

आबांनी नांगर मातीत उभा केला आणि मला एक एक बोट दाखवायला लावलं. या नांगराला कोण कोण ढकलतं आणि ओढतं? मी म्हटलं, बैल. एवढंच. आबा हसले. मग आम्ही मोजायला बसलो.

पहिलं म्हणजे बैल पुढे ओढतात. पण सरळ पुढे नाही. जू बैलाच्या मानेवर, म्हणजे बरंच वर असतं आणि नांगर जमिनीत असतो. म्हणून साखळी तिरकी असते. तिरकी ओढ ही दोन कामं करते, थोडी वर उचलते आणि बरीचशी पुढे नेते. दुसरं, नांगराचं वजन. ते सरळ खाली ओढतं. तिसरं, माती. माती फाळाला मागे रेटते. चौथं, फाळाचं टोक किंचित खाली झुकलेलं असतं, त्यामुळे वरची माती फाळाला खाली दाबते आणि नांगर आत घुसू बघतो. पाचवं माझ्या तर लक्षातच आलं नव्हतं. पिळदार पत्रा माती उजवीकडे ढकलतो ना? मग माती गप्प बसत नाही. ती नांगराला डावीकडे ढकलते. हे असंच सोडलं तर नांगर सरळ जाणारच नाही, डावीकडे न नांगरलेल्या रानात शिरेल. म्हणून नांगराच्या डाव्या अंगाला एक लांब सपाट पट्टी असते. ती तासाच्या उभ्या भिंतीला घासत जाते आणि भिंत नांगराला परत उजवीकडे ढकलते. मी ती पट्टी कितीदा बघितली होती. मला वाटायचं ती मजबुतीसाठी लावली असेल. आणि शेवटी, रुमण्यावर माणसाचे हात.

म्हणजे एकाच वस्तूवर एकाच वेळी सहा-सात बलं! शेजारच्या चित्रात आम्ही ती लाल आणि हिरव्या बाणांनी दाखवली आहेत. लक्ष्मणरावांना कदाचित हे रंग वेगळे ओळखू आले नसते, पण बाण कुठे वळायला हवे ते त्यांनी लगेच सांगितलं असतं.

या सगळ्यांची मिळून जी एक ओढ उरते तिला परिणामी बल म्हणतात. नांगर या सातांपैकी एकाचंच ऐकत नाही. तो सगळ्यांची बेरीज-वजाबाकी करून जे उरेल त्याप्रमाणे वागतो. बेरीज करताना नुसते आकडे चालत नाहीत, दिशाही बघावी लागते. एकाच दिशेची बलं मिळवायची, उलट दिशेची वजा करायची आणि तिरकी असतील तर आधी त्यांचे आडवे आणि उभे भाग वेगळे करायचे.

तिरक्या ओढीचा हिशेब आम्ही वर्गात करून बघितला. पाणी घालून सहा किलो भरलेली एक बादली घेतली. तिला दोन दोऱ्या बांधल्या आणि प्रत्येक दोरीला एक ताणकाटा लावला. दोन मुलांनी एकमेकांना चिकटून उभं राहून बादली उचलली तेव्हा दोन्ही काटे तीन-तीन किलो दाखवत होते. तीन आणि तीन सहा, बरोबर. मग दोघं लांब सरकले. दोऱ्यांमध्ये काटकोन झाला तेव्हा काटे चारच्या थोडे पुढे गेले. आणखी लांब सरकल्यावर, म्हणजे कोन १२० अंशांचा झाल्यावर, दोन्ही काटे सहा-सहावर गेले! बादली तीच, पाणी तेवढंच, आणि दोघांनाही अख्ख्या बादलीएवढा जोर लागत होता. उरलेला जोर कुठे गेला? तो एकमेकांना बाजूला ओढण्यात वाया गेला. विहिरीवरून कळशी दोघींनी आणताना आपल्या आया का चिकटून चालायच्या ते मला त्या दिवशी कळलं.

बैलांचंही तसंच. दोघं शेजारी शेजारी, सरळ चालले तर दोघांचं बळ मिळतं. एक बांधाकडे आणि दुसरा विहिरीकडे ओढायला लागला तर बळ मधेच मरतं. साधारण बैल दिवसभर न थकता आपल्या वजनाच्या दहाव्या भागाएवढं ओढतो, असा हिशेब धरतात. चारशे किलोचा बैल असेल तर चाळीस किलोची ओढ, जोडीची ऐंशी. (विज्ञानाच्या पुस्तकात बल न्यूटनमध्ये मोजतात. एक किलोची ओढ म्हणजे जवळजवळ दहा न्यूटन.) आता समजा कठीण रानात माती १२० किलोने मागे रेटते आहे. मग एका जोडीने नांगर हलणार नाही. दुसरी जोडी लावली की १६० होतात आणि नांगर निघतो. म्हणून मोठ्या लोखंडी नांगराला चार-चार, सहा-सहा बैल जुंपायचे. ज्याच्याकडे एकच जोडी तो शेजाऱ्याची मागायचा. आज तुझं रान, उद्या माझं.

एक गोष्ट मात्र मला अजून नवलाची वाटते. नांगर एका चालीने, न थांबता, न पळता चालला असेल तेव्हा बैलांची पुढची ओढ आणि मातीची मागची ओढ सारखी असते. म्हणजे बेरीज शून्य! मी गुरुजींना म्हटलं, शून्य असेल तर नांगर थांबायला पाहिजे. तर नाही. बलांची बेरीज शून्य असली की थांबलेली वस्तू थांबलेली राहते आणि चालणारी वस्तू त्याच चालीने चालत राहते. न्यूटन साहेबांनी १६८७ साली छापलेल्या पुस्तकातला हा पहिला नियम. जास्तीचं बल लागतं ते नांगर जागचा हलवताना. म्हणून सुरुवातीलाच बैलांना हाकारा द्यावा लागतो आणि नंतर ते आपसूक चालतात.

आता आबांच्या आजोबांचं काय चुकलं ते सांगतो. लाकडी नांगराची लांब दांडी थेट जुवापर्यंत जाते. ती तिथे बांधलेली असते. मागे रुमणं दाबलं की फाळ खाली जातो आणि नांगर खोल लागतो. पिढ्यान् पिढ्या हातांना तीच सवय. लोखंडी नांगराची दांडी मात्र आखूड असते आणि पुढे साखळी. साखळी दाबता येत नाही. इथे मागचा मूठ दाबला तर नांगर टाचेवर टेकतो आणि फाळाचं टोक वर उचललं जातं. म्हणजे शेतकऱ्याने नेहमीसारखा जोर लावला, आणि नांगर आत जायच्या ऐवजी उसळून बाहेर आला. त्याने आणखी जोर लावला, तो आणखी उसळला. बैल बिथरले, बघायला जमलेले लोक हसले आणि नांगर बांधावर. मी स्वतः गोठ्यामागे मूठ दाबून बघितली. टोक खरंच वर आलं.

या नांगराला खोल न्यायचं असेल तर मूठ दाबायची नसते. दांडीच्या पुढच्या टोकाला वर-खाली भोकं असतात. साखळीचा आकडा वरच्या भोकात घातला की नांगर खोल जातो, खालच्या भोकात घातला की वर येतो. साखळी लांब केली तर ती कमी तिरकी होते, वर उचलणारा भाग कमी पडतो आणि नांगर खोल लागतो. आखूड केली तर उलट. एका भोकाच्या फरकाने एवढं होतं! म्हणजे बळ तेवढंच, पण ते कुठे लावलं आणि कोणत्या दिशेने लावलं याला सगळी किंमत. हे कागदावर लिहून पटण्यासारखं नाही. रानात नांगर चालवूनच दाखवावा लागतो. नांगर रानात चाललेला बघितला, आणि त्या रानाचं पीक बघितलं, तेव्हाच लोकांची भीती गेली.

जुवाचीही अशीच एक युक्ती आहे. जोडीत एक बैल दांडगा आणि एक किरकोळ असेल तर नांगर बांधायची जागा दांडग्याकडे थोडी सरकवतात. मग किरकोळ बैलाच्या वाट्याला जुवाची लांब बाजू येते आणि त्याला कमी ओढावं लागतं. आबांनी हे तरफ शिकून केलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी केलं म्हणून त्यांनी केलं.

लक्ष्मणरावांचा नांगर हळूहळू खपू लागला. तेवढ्यात नवं संकट आलं. बेळगावात जिथे कारखाना होता ती जागा नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी हवी होती. कारखाना उचला, असा हुकूम झाला. यंत्रं, भट्टी, कामगार, त्यांची बायकापोरं, आणि जायला जागा नाही. लक्ष्मणराव त्या सुमारास औंधला होते. तिथे त्यांनी एक बांधकाम घेतलं होतं.

औंध आपल्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात. तिथे यमाईचा डोंगर आहे आणि राजेसाहेबांनी जमवलेल्या चित्रांचं मोठं संग्रहालय आहे. हे राजे म्हणजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, ज्यांनी सूर्यनमस्कार सगळीकडे नेले. ते स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांचे स्नेही. त्यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात कुठेही जागा घ्या म्हणून सांगितलं आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. लक्ष्मणरावांनी कुंडलजवळचा रेल्वेस्टेशनकडेचा माळ पसंत केला. सुमारे ३२ एकर. तेव्हा आपला सांगली जिल्हा नव्हता. सातारा जिल्हा होता आणि त्याच्यात ठिगळांसारखी संस्थानं होती. कुंडल हे औंध संस्थानचं गाव. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. (कुंडल म्हटलं की मोठ्या माणसांना १९४२ नंतरचं प्रतिसरकार आठवतं. ती हकीकत पुढच्या अंकात चौथीची मुलं लिहिणार आहेत.)

माळ म्हणजे निव्वळ माळ होता. निवडुंग, दगड आणि साप. पाणी लांब. रेल्वे जवळ होती हाच काय तो फायदा, कारण लोखंड आणि कोळसा आणायचा आणि नांगर पाठवायचे तर रेल्वे पाहिजेच. मार्च १९१० मध्ये तिथे वस्ती सुरू झाली. पहिले दिवस राहुट्यांत आणि झोपड्यांत गेले. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाईंनीही त्याच माळावर संसार मांडला. बरोबर रामुअण्णा होते, यंत्रांचे जाणकार शंभुअण्णा जांभेकर होते, हिशेब बघणारे मंगेशराव रेगे होते. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथे उत्तम कारागीर झाले. हे मी आमच्या वर्गातल्या काही जणांसाठी मुद्दाम लिहिलं आहे. तुरुंगात राहून आलेल्या माणसांवरही लक्ष्मणरावांनी विश्वास टाकला आणि त्यांना राखणदारी दिली. शिवाशिव मानायची नाही, हा तिथला नियम होता. त्या काळी हे सोपं नव्हतं.

या गावाला किर्लोस्करवाडी म्हणायला लागले आणि पुढे स्टेशनालाही तेच नाव पडलं. आजही गाडी तिथे थांबते.

पहिलं महायुद्ध १९१४ साली सुरू झालं आणि बाहेरून लोखंड येईनासं झालं. मागणी मात्र वाढली होती, कारण परदेशी नांगरही येत नव्हते. जिथून मिळेल तिथून मोडकं लोखंड गोळा करून भट्टी चालू ठेवली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असंही सांगतात. तोफेचा नांगर झाला! आमच्या नांगरात तोफेचा तुकडा असेल का, असं मी आबांना विचारलं. ते म्हणाले, हा नंतरचा आहे, आशा सोड.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी झाली. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, पाण्याचे पंप निघू लागले. त्याच वर्षी तिथून एक मासिक निघालं, तेच पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून घराघरांत वाचलं जाऊ लागलं. माळावर झाडं लावली, शाळा झाली. सगळं चांगलंच झालं असं मात्र नाही. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत कारखाना जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. जन्मभर उभं केलेलं जळताना बघायची वेळ त्यांच्यावर आली. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. १९६९ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा भारत सरकारने त्यांच्या चित्राचं पोस्टाचं तिकीट काढलं.

आता रानात बैल फारसे दिसत नाहीत. ट्रॅक्टर येतो आणि तासाभरात रान उलथून जातो. पण परवा मी आमच्या मळ्यात ट्रॅक्टरच्या मागे बसून नीट बघितलं. खाली तोच फाळ, तोच पिळदार पत्रा आणि डाव्या अंगाला तीच सपाट पट्टी. ती भिंतीला घासून चकचकीत झाली होती. आमच्या गंजलेल्या नांगराची पट्टीसुद्धा गंज खरवडल्यावर एका बाजूने पातळ झालेली निघाली. आबांनी त्यावरून बोट फिरवलं आणि किती उन्हाळे गेले असतील ते मोजत बसले.

आबांच्या परवानगीने तो नांगर शनिवारपर्यंत शाळेच्या व्हरांड्यात ठेवला आहे. चौघांनी मिळून उचलून आणला. दोघांनी बाजूला लांब उभं राहून उचलायचा प्रयत्न केला, तो काही उचलला नाही, का ते वर लिहिलं आहेच. साखळीही आहे. आकडा वरच्या आणि खालच्या भोकात घालून बघा, मूठ दाबून बघा. फाळाच्या टोकाला मात्र हात लावू नका, अजून धार आहे. लहान मुलांनी मोठ्यांना बरोबर घ्यावे. पालकांपैकी ज्यांनी असा नांगर हाकला असेल त्यांनी सातवीच्या वर्गात येऊन सांगावे, आम्हाला आणखी दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वळणावर नांगर कसा काढायचा ते आबांना नीट आठवत नाही.